न्हाणीमागचं लव्हाळं

आमच्या अंगणात मायनं हौसेनं लावलेलं असं एकच झाड जगलं, आणि त्याला झाड म्हणायला गावात कोणी तयार नव्हतं. न्हाणीच्या मागच्या भिंतीतून जिथं सांडपाणी बाहेर पडे, तिथं लव्हाळ्याचं बेट होतं. कमरेइतक्या उंच, गोल, हिरव्या काड्या. पान नाही, फांदी नाही. शेंड्याजवळ एका बाजूला तपकिरी झुपका यायचा, तेच त्याचं फूल. येणारी-जाणारी बाई हमखास विचारायची, "काहून वं, नाल्यातलं गवत घरात आनलं?" माय काही बोलत नसे. बोलायचे ते बाबा. "लोकायच्या घरी गुलाब, आमच्या घरी चिखल," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. बाबांच्या थट्टेत विष नव्हतं, पण ती रोजची होती, आणि रोजची थट्टा ऐकणाऱ्याला कुठंतरी घासतेच.

आमचं गाव बाळापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. हा मुलूख ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून पटत नाही. जमीन काळी, कसदार, कापूस-तूर पाहून डोळे निवावेत अशी; आणि त्याच जमिनीच्या पोटातलं पाणी खारं. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, चहा केला तर दूध फाटायचं. भाजीत मीठ बेतानंच टाकायचं. "आमच्या भाजीले मीठ देवच टाकते," असं गावातली माणसं पाहुण्यांना अभिमानानं सांगत. गोड्या पाण्याची विहीर गावापासून लांब, नदीकडच्या एका मळ्यात होती. तिथून बाबा बैलगाडीवर ड्रम भरून आणत. घरात त्या पाण्याचा मान तुपासारखा. ते वरणाला, चहाला आणि पाहुण्याला. आम्ही मात्र जन्मापासून खारंच पीत आलो होतो, आणि गंमत अशी की बाबांना गोडं पाणी आवडतच नसे. "त्यानं तहान जात नाई बाप्पा, फिकं लागते," म्हणायचे.

माय होती तिवशाकडची. तिच्या माहेरच्या घरामागं बारमाही नाला, आणि नाल्याच्या दोन्ही काठांना लव्हाळं. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. ही गोष्ट तिच्या सासरी इतक्या वेळा सांगितली गेली की आम्हां मुलींनाही ती पाठ होती. "गोड्या पान्याची लेक आली बाई, हिले आमचं पानी चालत नाई." मग तिनं पाण्याबद्दल बोलणंच सोडलं. पाय सुजले, बोलली नाही. केस गळले, बोलली नाही. फक्त एकदा माहेरहून परत येताना लव्हाळ्याचा एक गड्डा चिखलासकट ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीतून मांडीवर घेऊन आली, आणि न्हाणीमागं खड्डा खणून तो लावला. मोटारीतल्या माणसांनी तिला वेड्यात काढलं असणार. ते ऐकायची तिला सवय झाली होती.

लव्हाळ्याला ओल लागते, पण खारी ओल सोसत नाही. थोड्याच दिवसांत काड्यांचे शेंडे भाजल्यासारखे लाल-तपकिरी व्हायचे आणि मातीवर मिठाची पांढरी खरड धरायची. माय ती खरड खुरप्यानं काढून टाके. डाळ-तांदूळ धुतलेलं गोडं पाणी, वरणाच्या भांड्याचं विसळण, पाहुण्यानं पेल्यात ठेवलेला उरलेला घोट, सगळं ती एका गुंडात, म्हणजे छोट्या घागरीत, साठवायची आणि तिन्हीसांजेला बेटाच्या बुडाशी हळूहळू ओतायची. दुसऱ्या अंगानं तिनं एक बारीक चर काढला होता. "गोडं पानी वरून द्याचं, खारं खालून निंघून जाते," हे तिचं शास्त्र. आणि ते खरं होतं. दोन-तीन गुंड पाणी पडलं की बेट पुन्हा हिरवं व्हायचं. तिचा चेहरा त्या दिवशी निराळा दिसायचा. त्या ओल्या काड्यांचा वास मला अजून येतो, किंचित गोड, ओल्या मडक्यासारखा.

हे सगळं कशासाठी, ते मला पुढं कळलं. मायच्या माहेरी पहिलटकरणीला बाळंतपणात लव्हाळ्याच्या चटईवर निजवत. बाजेवर ती चटई, बाजेखाली शेगडी. शेक थेट अंगाला लागत नाही, काड्यांतून गाळून येतो, आणि काडीच्या आतला भेंडासारखा गाभा अंगाखाली मऊ राहतो. ही चटई आईनंच लेकीसाठी विणायची, विकतची चालत नाही. मायसाठी तिच्या आईनं विणली होती. मायला दोनच लेकी, मंदाताई आणि मी. न्हाणीमागच्या त्या बेटात माय आमची दोघींची बाळंतपणं वाढवत होती आणि बाबा त्याला चिखल म्हणत होते.

मंदाताई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. रंगानं बाबांवर गेलेली, सावळी, आणि आवाज असा की तिनं अंगणातून हाक मारली की बैलही मान वळवत. मला ती 'बेबे' म्हणायची. माझी वेणी घालताना इतकी घट्ट ओढायची की माझे डोळे तिरपे होत, आणि रडले की म्हणायची, "रडू नको, सुंदर दिसून राहिली." तिचं लग्न खारपाणपट्ट्यातच झालं, आमच्याहूनही खोल, पूर्णेच्या बाजूला. तिथं तर गोड्या पाण्याचा ड्रमही आठवड्यातून एखादा. सासरची माणसं चांगली होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. ताईला त्यांनी जपलं. जे झालं त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता, आणि म्हणूनच ते मला आजही कोणावर ढकलून मोकळं होता येत नाही.

दिवाळी झाल्यावर, दवाच्या दिवसांत मायनं लव्हाळं कापलं. काड्या सावलीत वाळवल्या. उन्हात वाळवल्या तर कडकड मोडतात. ताई सातव्यात माहेरी आली तेव्हा ओसरीवर चार खुंट्या ठोकून त्यांना अंबाडीच्या दोऱ्या ताणलेल्या होत्या आणि पहिली वीतभर चटई विणून झाली होती. ताई बैलगाडीतून उतरली आणि चपला हातात घेऊनच चालत आली. पाय चपलेत मावत नव्हते. मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं, पायांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "पानी खारं हाय तिकडचं. सुजतेच पाय."

हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत किती तोंडांतून ऐकलं! शेजारची काकू म्हणाली, सुईण म्हणाली, ओटीभरणाला बांगड्या भरायला आलेली कासारीण म्हणाली. तिला ताईच्या मापाच्या बांगड्या मनगटाच्या अलीकडेच अडल्या, तेव्हा तिनं दोन मापं मोठ्या काढल्या आणि सहज म्हणाली, "खाऱ्या पान्याचं आंग हाय बाई, फुगतेच." आमच्याकडे कोणाचे पाय सुजले नव्हते? बाबांच्या टाचा संध्याकाळी पावासारख्या व्हायच्या. सुजेला आम्ही आजार म्हणतच नव्हतो. कोकणातला माणूस पावसाला आजार म्हणेल का? तसंच ते. खरं तर घरात एकच बाई होती जिला हे पाणी कधीच मान्य नव्हतं. पण वीस-बावीस वर्षं त्या बाईला सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं की पाण्याचा बाऊ करायचा नसतो. ती शिकली होती. नको त्या वेळी नको तितकी नीट शिकली होती.

तरी तिनं तिला येत होतं ते केलं. ताईला विहिरीचं पाणी बंद. "गोडं पानी वरून दे, खारं खालून निंघून जाईन," हे लव्हाळ्याचं शास्त्र तिनं लेकीला लावलं. बाबा ड्रमची खेप वाढवून आणू लागले. या वेळी थट्टा न करता. माय तांब्या भरून ताईच्या हातात द्यायची आणि पीत होईपर्यंत समोर उभी राहायची. "पी बाई. धुऊन निंघन सारं." ताई प्यायची, तोंड वाकडं करायची. "फिकं लागते माय," म्हणायची, अगदी बाबांसारखी. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कधी गोळ्यांची कढी. कढीचे गोळे मोजून माझ्या ताटात एक कमी आणि ताईच्या ताटात एक जास्त. मी कुरकुरले की ताई आपला गोळा उचलून माझ्या ताटात टाकायची.

दुपारभर त्या दोघी ओसरीवर असत. माय विणायची, ताई भिंतीला टेकून, पाय पाटावर ठेवून काड्या निवडायची. जाड एकीकडे, बारीक एकीकडे, डागी बाजूला. काड्या ओल्या फडक्यात ठेवलेल्या असत, म्हणजे वाकवताना मोडत नाहीत. निवडता निवडता ताई गोष्टी सांगायची, सासरच्या म्हशीच्या, नणंदेच्या, आणि तिच्या नवऱ्याच्या, जो लाजरा होता आणि बायकोला हाक मारायची झाली की खोकायचा. माय हसायची. मायला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. घरात ओल्या लव्हाळ्याचा वास भरून राहिलेला, आणि दोरीवर काडी ठोकून बसवल्याचा टक टक आवाज. माझ्या लहानपणाचा सुखाचा आवाज कोणता असं कोणी विचारलं तर मी तोच सांगेन.

मग ताईचं डोकं दुखू लागलं. पित्त झालं म्हणून आल्याचा रस दिला. तिचा चेहरा सकाळी सुजलेला असायचा. झोप जास्त झाली म्हणाले. एकदा काड्या निवडताना ती थांबली आणि डोळे चोळून म्हणाली, "माय, ह्या काड्या दोन-दोन दिसून राहिल्या मले." माय म्हणाली, "एकसारखी पाहत नको बसू. डोये थकले." चटई तेव्हा वीतभरच विणायची राहिली होती. ताईनं त्या शेवटच्या वितीपुरत्या काड्या निवडून, जुडी बांधून बाजूला ठेवल्या होत्या.

त्या दुपारी मी शाळेतून आले तेव्हा ताई विणलेल्या चटईवरच आडवी झाली होती, कारण तिला उठून बाजेपर्यंत जावंसं वाटत नव्हतं. मी दप्तर टेकवलं आणि तिचं अंग ताठ झालं. दात आवळले, डोळे वर गेले, हातातल्या नव्या बांगड्या जमिनीवर आपटून फुटू लागल्या. माय तिच्या अंगावर पडून तिला धरत होती आणि ओरडत होती, "मंदे! मंदे!" बाबा आले, शेजारचे आले. खुंट्यांवरच्या दोऱ्या विळ्यानं कापल्या आणि त्या चटईसकट चार माणसांनी ताईला उचलून गावातल्या एका जीपमध्ये ठेवलं. मी हट्टानं मागं चढले. मला कोणी उतरवलं नाही, कारण माझ्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

अकोल्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ताईच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खड्डा पडला. तो भरून आला नाही, तसाच राहिला, ओल्या मातीत बोट रुतल्यासारखा. त्यांनी विचारलं, "सूज कधीपासून आहे?"

माय म्हणाली, "सूज? नाई बाई, आमच्याकडे सुजतेच ना पाय. पानी खारं हाय."

डॉक्टरीणबाईंनी मायकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ताईला घेऊन आत गेल्या. बाळ आधीच गेलं होतं. ताई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. शेवटपर्यंत ती कोणाशी बोलली नाही, तिला शुद्धच आली नाही.

ती त्याच चटईवर घरी आली. बायांनी ती खालून काढायला घेतली तेव्हा माय म्हणाली, "राहू द्या. तिचीच हाय ते." चटई ताईबरोबर गेली.

त्या वेळी या आजाराला नाव असतं हे आम्हांला ठाऊक नव्हतं. गरोदरपणात रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते, डोकं दुखतं, डोळ्यांपुढं दोन-दोन दिसतं, हे सगळं आता गावातल्या आशा सेविकेलाही पाठ असतं. माझी लेक हे मला समजावून सांगते, "आजी काय करणार होती, आई? तिचा दोष नाही." मी मान डोलावते. मला माहीत आहे की मायचा दोष नाही. मायला हे कधीच कळलं नाही, आणि मी सांगू शकले नाही, हे दुःख आहे.

ताईनंतर मायनं न्हाणीमागं जाणं सोडलं. विसळणाचं पाणी सरळ उकिरड्यावर फेकू लागली. होळी होईपर्यंत बेट वाळून सुतळीसारखं झालं, मातीवर पांढरी खरड साचली. घरात भाकरी थापल्याचा आवाज तेवढा. एका संध्याकाळी मी पाहिलं, बाबा ड्रममधून गोडं पाणी काढून न्हाणीमागं नेत होते. खुरप्यानं खरड काढली, चर मोकळा केला आणि बुडाशी हळूहळू पाणी ओतू लागले. माय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"काहून घालता? मरू द्या त्याले."

बाबांनी वर पाहिलं नाही. "अजून एक पोट्टी हाय तुले," म्हणाले.

माय आत गेली. बाबा रोज पाणी घालत राहिले, स्वतःच्या वाटणीचं. चहा सोडला त्यांनी त्या उन्हाळ्यात. मेल्यासारखा दिसणारा तो गड्डा आत जिवंत होता. एक दिवस त्याच्या बुडाशी हिरवं टोक दिसलं. बाबांनी मला हाक मारून दाखवलं, मायला नाही. दुसऱ्या दिवसापासून विसळणाचा गुंड पुन्हा न्हाणीमागं जाऊ लागला. कोण नेत होतं ते कोणी विचारलं नाही.

माझं लग्न अमरावतीत झालं, शिक्षकाच्या घरात. नळाला गोडं पाणी. दिवस राहिले, सातवा लागला, मी माहेरी जायची पिशवी भरून ठेवली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय सांगायला लागतं? बाबा एसटीनं आले, तुरीच्या डाळीची पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायले आणि जमिनीकडे पाहत म्हणाले, "बेबे, तुह्या मायनं सांगतलं, बाळंतपनाले घरी येऊ नको म्हने."

मी त्या दिवशी खूप रडले. सासूबाई काही वाईट बाई नव्हत्या, पण त्याही म्हणून गेल्या, "माहेर आहे ना गं तुला?" मला वाटलं, मायला मी नकोशीच झाले आहे, सगळी माया ताईबरोबर चटईवर जळाली. असं मी मनातल्या मनात म्हटलं आणि तिचा रागही केला.

आठव्यात माय स्वतःच आली. जी बाई व्याह्यांच्या घरी एक रात्र राहायला लाजायची, ती दोन-तीन महिने राहायच्या तयारीनं आली. एका काखेत चटईची गुंडाळी, दुसऱ्या हातात ओल्या गोणपाटातला गड्डा. आल्या आल्या पाणी मागितलं, चव घेऊन पाहिली, आणि मगच घोट गिळला. "गोडं हाय," म्हणाली. आणि मला बाजेवर बसवून, साडी वर सरकवून माझ्या नडगीवर अंगठा दाबला.

हे तिनं रोज केलं. सकाळी मी डोळे उघडायच्या आत तिचा अंगठा पायावर असायचा. दाबायची, उचलायची, पाहत राहायची. मग दुसरा पाय. मग माझ्या बांगड्या मनगटावर फिरवून बघायची, सैल आहेत ना. सूज नव्हती तरी दर आठवड्याला मला डॉक्टरकडे नेऊन बसवायची आणि त्यांना म्हणायची, "आमच्याकडे सुजते म्हनून सोडू नका बाई. नीट पाहा." सासूबाई हसायच्या. मला आधी राग यायचा, मग लाज वाटायची, मग एक दिवस अंगठा उचलण्याआधी ती डोळे मिटून घेते हे माझ्या लक्षात आलं, आणि त्यानंतर मी झोपल्याचं सोंग घेऊन पाय तसाच राहू देऊ लागले.

मुलगी झाली. धडधाकट, रडकी. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा मायनं बाजेवर चटई अंथरून ठेवली होती. मी तिच्याकडे पाहिलं. सगळी चटई फिकट सोनेरी, एकसारखी. फक्त उशाकडची वीतभर पट्टी गडद, जुनी, जवळजवळ काळपट.

"हे काहून निराळं, माय?"

तिनं बाळाला माझ्या कुशीत नीट ठेवलं. उशी सारखी केली. मग म्हणाली, "डोकं इकडं कर. त्या काड्या मंदीनं निवडेल हायेत. उरल्या होत्या तिच्या."

मी त्या पट्टीवर डोकं टेकलं आणि बाळाला घेऊन रडले. माय रडली नाही. तिला कामं होती. शेगडी पेटवायची होती, अळीवाची खीर करायची होती.

ती चटई पुढं माझ्या लेकीच्याही बाळंतपणात बाजेवर आली. आता जीर्ण झाली आहे, काठ उसवले आहेत, पण उशाकडची पट्टी अजून पक्की आहे. लव्हाळं माझ्या गॅलरीत टबात आहे. पाणी शुद्ध करायच्या मशीनचं जे पाणी वाया जातं, त्याची नळी मी त्या टबात सोडली होती. एकदा सहज ते पाणी चाखून पाहिलं. किंचित खारं होतं. आमच्या विहिरीची आठवण यावी इतपतच. मी नळी काढून घेतली, आणि आता हातानं गोडं पाणी घालते.

बाळंतपणानंतर सव्वा महिना माय माझ्याकडे राहिली. जायच्या दिवशी बाबा घ्यायला आले होते, बाहेर रिक्षा उभी होती. माय चप्पल घालून दारापर्यंत गेली आणि परत आली, बाजेच्या पायथ्याशी बसली, आणि माझ्या नडगीवर अंगठा ठेवला.

मी म्हटलं, "माय, झालं ना आता सारं. कशाले पाहून राहिली?"

"झालं," ती म्हणाली. "पन पाहू दे."

तिनं दाबून पाहिलं. खड्डा पडला नाही. तिनं अंगठा पुन्हा तिथंच टेकवला. बाबांनी बाहेरून हाक मारली, रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला, तरी तिनं अंगठा उचलला नाही.